आधी वाट, मग घर, मग रान

नोकरी सॅक्रामेंटोत, फ्रेस्नोत किंवा बे एरियात आणि घर किंवा जागा मात्र सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर पाइनच्या झाडीत, असा बेत ज्या मराठी कुटुंबांनी केला आहे किंवा करायचा विचार चालवला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या उतारावर सलग दोनतीन हिवाळे कोरडे गेले की पाइन मरू लागतात आणि बघता बघता डोंगरच्या डोंगर तांबडे पडतात. अशा वेळी घरमालक पहिला प्रश्न विचारतो तो हा, की काउंटी काय करते आहे. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तराची वाट बघत बसणे महागात पडते. काउंटीने करायचे काम वेगळे, मालकाने करायचे काम वेगळे, आणि दोन्हींचा एकच क्रम लावावा लागतो: आधी डोंगरातून बाहेर पडायची वाट, मग घराभोवतीची शंभर फूट जागा, आणि उरलेले रान सर्वांत शेवटी. हा क्रम का, काउंटीकडून नेमके काय मागायचे आणि स्वतः काय करायचे, ते पुढे मांडले आहे.

क्रमाची गरज आकड्यांवरून सरळ दिसते. २०१२ ते २०१६ या वर्षांत कॅलिफोर्नियाने अतिशय कडक दुष्काळ सोसला. अमेरिकी वन सेवेच्या विमानातून केलेल्या पाहण्यांनुसार २०१०पासून नोव्हेंबर २०१६पर्यंत राज्यात १० कोटी २० लाख झाडे मेली होती. त्यांतली ६ कोटी २० लाख एकट्या २०१६ सालातली. डिसेंबर २०१७मध्ये एकूण आकडा १२ कोटी ९० लाखांवर गेला. सर्वाधिक झळ बसलेल्या मध्य आणि दक्षिण सिएरातल्या अभ्यास-क्षेत्रांत २०१४ ते २०१७ या काळात जवळजवळ निम्मी झाडे गेली, आणि पॉन्डेरोसा पाइनची तर दहातली नऊ. या सगळ्याला तोंड देण्यासाठी राज्य सरकार, काउंट्या, महामार्ग खाते, वन सेवा आणि वीज कंपन्या यांनी मिळून २०१७च्या अखेरीपर्यंत जी मेलेली झाडे पाडली, त्यांची संख्या दहा लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे शंभरातले जेमतेम एक. एवढ्या यंत्रणा, एवढा पैसा आणि दोन वर्षांची धावपळ यांतून जर शंभरातले एकच झाड निघत असेल, तर ते एक कोणते, यावरच सगळे अवलंबून राहते.

झाड मरते कसे, हे नीट समजून घेतले तर पुढचे पुष्कळसे निर्णय सोपे होतात. पॉन्डेरोसा पाइनला मारणारा वेस्टर्न पाइन बीटल हा भुंगेरा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तो साल पोखरून आत शिरू लागला की निरोगी झाड त्या भोकातून डिंकासारखी राळ सोडते आणि भुंगेऱ्याला तिच्यात बुडवून बाहेर ढकलते. राळेला हा जोर झाडातल्या पाण्यामुळे येतो. टाकीत पाणी नसले की वरच्या मजल्यावरच्या नळाला धार लागत नाही, तसे तहानलेल्या झाडाचे होते. आत शिरलेली पहिली मादी गंध सोडून इतरांना बोलावते आणि थोड्याच दिवसांत त्या एका झाडावर शेकडो भुंगेरे उतरतात. त्यांच्या अंगाबरोबर आलेली बुरशी लाकडाला निळसर करते, सालीखालच्या अळ्या अन्नवाहिन्या कातरतात, आणि झाड उभ्या उभ्या संपते. एका वर्षात या भुंगेऱ्याच्या दोन-तीन पिढ्या निघतात. दुष्काळ आणि भुंगेरा यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे, आणि ते माणसाने तयार केलेले आहे. शतकभर इथली प्रत्येक लहानमोठी आग विझवली गेली. पूर्वी अधूनमधून जळून विरळ होणारे रान त्यामुळे दाटीवाटीचे झाले आणि जेवढ्या ओलीवर थोडी झाडे पोसली जायची, तेवढीच ओल कितीतरी जास्त झाडांत वाटली जाऊ लागली.

आपल्या झाडाजवळ जाऊन खोड बघायला शिका. सालीवर मक्याच्या लाहीएवढे पांढुरके किंवा लालसर राळेचे गोळे दिसले, सालीच्या खाचांत तपकिरी भुसा दिसला, किंवा सुतार पक्ष्यांनी अळ्यांसाठी वरची साल सोलून खोडावर केशरी चट्टे पाडलेले दिसले, तर शेंडा हिरवा असला तरी ते झाड बहुधा गेले असे समजावे. सैल झालेली साल सुरीने उचकटली की आतल्या बाजूला वेड्यावाकड्या, एकमेकींना छेदत जाणाऱ्या बारीक वाटा कोरलेल्या दिसतात. शेंडा पिवळा पडून तांबडा होईपर्यंत मात्र भुंगेरे बहुधा त्या झाडातून निघून शेजारच्या झाडात गेलेले असतात. लोक घाबरतात ते तांबडे झाड पाहून आणि तेच आधी तोडायला निघतात. भुंगेरा आवरायचा हेतू असेल तर ताजे लागण झालेले, अजून हिरवट दिसणारे झाड आधी काढून तिथून हलवावे लागते. तांबडे झाड कधी काढायचे, हे ते कोणावर किंवा कशावर पडेल, एवढ्यावरच ठरवावे.

आता काउंटीकडे वळू. कॅलिफोर्नियात काउंटीचा कारभार पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांचे मंडळ पाहते. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेशी त्याची तुलना करता येईल, पण अधिकार बरेच अधिक. झाडे मोठ्या प्रमाणावर मरू लागली की हे मंडळ स्थानिक आणीबाणी जाहीर करू शकते. हा ठराव म्हणजे कागदी उपचार आहे असे पुष्कळांना वाटते, ते बरोबर नाही. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी झाडांच्या मृत्यूबद्दल राज्याची आणीबाणी जाहीर केली. पुढे सर्वाधिक धोक्याच्या काउंट्यांची संख्या दहा झाली: आमाडोर, कॅलव्हेरस, एल डोराडो, फ्रेस्नो, कर्न, मडेरा, मॅरिपोसा, प्लेसर, टुलेरी आणि टुओलमी. राज्याच्या आपत्ती-साहाय्य कायद्याखाली पात्र खर्चाचा ७५ टक्के वाटा राज्य उचलते आणि २५ टक्के काउंटीला घालावा लागतो. स्थानिक ठराव हे त्या मदतीपर्यंत जाण्याचे दार आहे. पण उरलेले २५ टक्केसुद्धा मॅरिपोसासारख्या, सतरा-अठरा हजार वस्तीच्या काउंटीला जड जातात. म्हणून काउंटी सरसकट झाडे तोडत नाही. काउंटीच्या देखभालीतले रस्ते, शाळा, पाण्याच्या टाक्या, दवाखाने आणि सार्वजनिक इमारती यांच्यावर पडू शकतील एवढीच झाडे ती घेते. वीजतारांजवळची झाडे वीज कंपनीच्या वाट्याला येतात. मात्र तार वाचवण्यासाठी पाडलेल्या झाडाचे ओंडके कित्येकदा मालकाच्या जागेतच पडून राहतात, त्यांच्या विल्हेवाटीचे आधीच विचारून लेखी घ्यावे.

इथे बहुतेकांना खटकते ती गोष्ट अशी की खासगी जागेतल्या घरावर झुकलेले झाड काढायला काउंटी येत नाही आणि रस्त्याकडेचे, कोणाच्याच घराजवळ नसलेले झाड मात्र सार्वजनिक पैशाने पाडते. कर भरणाऱ्या माणसाला हा उलटा न्याय वाटतो. पण ४ सप्टेंबर २०२० रोजी फ्रेस्नो काउंटीत लागलेली क्रीक फायर आठवावी. ज्या पट्ट्यात भुंगेऱ्याने सर्वांत जास्त पाइन मारले होते, त्याच पट्ट्यातून ही आग फ्रेस्नो आणि मडेरा काउंट्यांत पसरली आणि अखेर ३ लाख ७९ हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. मॅमथ पूल जलाशयावर सुट्टीसाठी गेलेल्या लोकांचा बाहेर पडायचा एकच रस्ता आगीने बंद केला आणि दोनशेहून अधिक माणसांना नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांनी धुरातून उचलून आणावे लागले. घर जळाले तर पुन्हा बांधता येते. रस्त्यावर एक आडवे झाड पडले की वरच्या वस्तीतली सगळी माणसे अडकतात आणि खालून येणारा बंबही अडकतो. एका झाडामागे सर्वाधिक जीव जिथे वाचतात, तिथे आधी पैसा लावायचा, हा काउंटीचा हिशेब माझ्या मते बरोबर आहे आणि आपणही त्याच हिशेबाने काउंटीकडे मागणी करावी.

ती मागणी करायची कशी, ते नीट माहीत असावे. सुपरवायझरांच्या नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी प्रसिद्ध करावी लागते आणि सभेत बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. स्थानिक आणीबाणी चालू ठेवायची की नाही, याचा आढावा मंडळाला किमान दर ६० दिवसांनी घ्यावा लागतो, म्हणजे विचारण्याची संधी पुन्हा पुन्हा येते. तिथे ‘झाडे काढा’ असे मोघम बोलू नये. आमच्या वस्तीतून खाली उतरणारा अमुक रस्ता प्राधान्य-यादीत आहे का, त्याच्या कडेची झाडे मोजली आहेत का, तो काउंटीच्या देखभालीत आहे की खासगी, हे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. डोंगरातल्या अनेक वसाहतींचे आतले रस्ते कागदोपत्री रहिवाशांच्या मालकीचे असतात आणि काउंटी त्यांना सहसा हात लावत नाही. तसे असेल तर मालक-संघटनेची बैठक लगेच बोलावून खर्च वाटून घ्यावा. आणि काउंटीचा कंत्राटदार तुमच्या जागेतले झाड रस्त्यासाठी काढू पाहत असेल, तर प्रवेश-परवानगीच्या अर्जावर सही करायला उशीर लावू नका. पाइन दीडशे फूट सहज वाढतो. तुमच्या कुंपणाच्या बराच आत असलेले झाडही रस्ता अडवू शकते. एका मालकाने सही केली नाही म्हणून अख्ख्या रस्त्याचे काम तुकड्यातुकड्यांत होते. सही करण्यापूर्वी एवढेच पाहावे की नुकसानीची जबाबदारी कोणाची, लाकूड कोण नेणार आणि फांद्यांचे काय होणार, हे त्यात लिहिले आहे.

रस्त्यानंतर घर. राज्याच्या अग्निसुरक्षा क्षेत्रात घराभोवती शंभर फुटांपर्यंत, किंवा जागेची हद्द त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत, जळाऊ पसारा कमी ठेवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची इथे थोडी गफलत होते. आपल्याकडे शहरांत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा असल्यामुळे झाडाला हात न लावणे म्हणजे कायदा पाळणे, असे मनात पक्के बसलेले असते. सिएराच्या उतारावर मेलेले झाड घराशेजारी तसेच ठेवले तर नोटीस येऊ शकते. (उपनगरांतल्या जिवंत ओकसारख्या झाडांना तिथेही स्थानिक संरक्षण असते, तेव्हा जिवंत झाडाबद्दल आधी चौकशी करावीच.) घर विकत घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. जुलै २०२१पासून उच्च आणि अतिउच्च आगधोक्याच्या क्षेत्रात घर विकताना या मोकळ्या जागेची कागदपत्रे द्यावी लागतात. ती नसतील तर पूर्तता करण्याची जबाबदारी खरेदीदाराकडे येऊ शकते. सौदा ठरण्याआधी मेलेली झाडे मोजा, ती काढण्याचा अंदाजी खर्च लेखी घ्या आणि किमतीत वळता करा.

पैसा थोडा आणि झाडे पुष्कळ, अशी स्थिती असेल तर शंभर फुटांतही क्रम लावा. घरावर, गाडीवाटेवर किंवा गॅसटाकीवर पडू शकेल ते झाड पहिले, मग बाकीचे. यात उशीर करू नये, कारण पहिल्या वर्षी मेलेल्या झाडावर चढून ते वरून तुकड्यांनी उतरवता येते. दोनतीन वर्षांनी लाकूड ठिसूळ होते, फांद्या वरून सुटतात, जाणकार तोड्या त्यावर चढायला नकार देतो आणि क्रेन आणावी लागते. घराजवळच्या एका मोठ्या झाडाला हजार डॉलर किंवा त्याहून कितीतरी जास्त लागू शकतात, आणि उभे मेलेले झाड काढण्याचा खर्च घरविम्यात सहसा बसत नाही. म्हणून शेजाऱ्यांची झाडे एकत्र करून एकच कंत्राट द्यावे; दर झाडामागे खर्च बराच उतरतो. कंत्राटदाराचा परवाना क्रमांक राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. झाडे काढणाऱ्या परवानाधारकाला २०२३पासून कामगार-नुकसानभरपाई विमा सक्तीचा आहे. तो चालू नसेल आणि तुमच्या आवारात माणूस जखमी झाला, तर दावा तुमच्यावर येऊ शकतो. गावोगावच्या फायर सेफ कौन्सिल या स्वयंसेवी संस्था फांद्यांचा भुसा करून देण्याचे दिवस ठरवतात आणि वयस्क किंवा कमी उत्पन्नाच्या मालकांना कुठे कुठे अनुदान मिळवून देतात. वीस एकर किंवा त्याहून मोठी जागा असेल तर राज्याच्या वनसुधार योजनेत खर्चाचा वाटा मिळू शकतो. विचारायला काही पडत नाही, पण या याद्या लवकर भरतात.

एवढे करण्यापेक्षा औषध फवारून झाडे का वाचवू नयेत, असे अनेकजण विचारतात. फवारणीचा उपयोग आहे, पण तो लागण होण्यापूर्वीच. खोडावर उंचपर्यंत केलेली फवारणी एखाद्या मोलाच्या झाडाला एकदोन हंगाम राखू शकते. भुंगेरा आत शिरल्यावर बाहेरून मारलेले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. अंगणातल्या दोनचार जुन्या पाइनांसाठी ते करावे, आणि दुष्काळात त्यांच्या मुळांच्या घेराला महिन्यातून एखादे वेळी खोलवर पाणी द्यावे. अख्ख्या डोंगरासाठी हा मार्ग नाही. मग भुंगेरेच पकडता येणार नाहीत का? हा प्रश्न भारतीय वाचकाच्या मनात येतो, कारण तसे आपल्याकडे घडले आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीच्या सालवनांत खोडकिड्याची मोठी साथ आली, तेव्हा ठेचलेल्या ताज्या ओंडक्यांच्या रसाकडे भुंगेरे ओढून गावकऱ्यांकडून ते वेचून घेतले गेले. पण तो भुंगेरा दोन इंचांपर्यंत लांब, पावसाच्या सुरुवातीला ठरावीक वेळी बाहेर पडणारा आणि वर्षाला एकच पिढी देणारा. तांदळाएवढ्या आणि उन्हाळाभर पिढ्यांमागून पिढ्या काढणाऱ्या किड्याला तो उपाय लागू पडत नाही.

याहून गंभीर आक्षेप निसर्गप्रेमींचा आहे. मेलेले झाडही जंगलाचे असते, सुतार पक्षी, घुबडे, खारी त्यात राहतात, ते पडून माती होते. मग माणसाने त्यात हात का घालावा? हा आक्षेप मला मान्य आहे आणि वरचा क्रम त्याच्या विरोधात जात नाही, उलट त्याला बळ देतो. रस्ते आणि घरे सोडली की दूरच्या रानातली बहुसंख्य मेलेली झाडे उभीच राहणार आहेत, आणि राहू द्यावीत. पण वस्तीलगतच्या रानाबद्दल मी एवढे म्हणेन की कोट्यवधी ओंडके दहा वर्षांत एकमेकांवर पडून जो ढीग होतो, त्यात लागलेली आग जमिनीतली बियाणी आणि मुळेही जाळते. वस्तीच्या कडेचा पट्टा तेवढा हाताने आणि नियंत्रित आगीने मोकळा करत राहावा लागेल. लाकूड विकून हा खर्च निघेल, अशी आशा मात्र धरू नये. बुरशीने निळे पडलेल्या लाकडाला भाव कमी, वाहतूक महाग, दक्षिण सिएरात करवतगिरण्या मोजक्या. २०१६मध्ये राज्याने वीज कंपन्यांना अशा लाकडावर चालणाऱ्या प्रकल्पांतून १२५ मेगावॉट वीज घ्यायला कायद्याने लावले, तरी ओंडके पडून राहिलेच. विक्री करायचीच तर राज्याच्या वनविभागाकडे सूचना देणे आणि परवानाधारक लाकूडतोड्या नेमणे आवश्यक आहे. जळण म्हणून वापरणार असाल तर ताजे लाकूड दुसऱ्या गावी नेऊ नका, त्याच्याबरोबर कीडही जाते, आणि जिवंत पाइनच्या बुंध्याशी रचू नका.

दुष्काळ संपला की हा विषय काउंटीच्या सभेतूनही आणि घरातूनही मागे पडतो. २०२२च्या पाहणीत राज्यात पुन्हा ३ कोटी ६३ लाख झाडे मेलेली आढळली, आणि या वेळी मोठी झळ फरच्या झाडांना बसली होती. ओल्या वर्षांतच झाडी विरळ करून घ्यावी. जागेत जी जिवंत झाडे उरली आहेत त्यांतली सशक्त निवडा, त्यांच्या अवतीभवतीची रोपटी आणि बारीक झाडे काढून प्रत्येकाला भरपूर ऊन आणि ओल मिळेल एवढे अंतर ठेवा, ब्लॅक ओक उगवला असेल तर तो राखा, आणि नवी लागवड करायची तर त्याच उंचीवरच्या बियांची, वेगवेगळ्या जातींची रोपे घ्या. विरळणीचे काम शरद ऋतूत सुरू करून जानेवारीच्या आत संपवा. फेब्रुवारीनंतर तोडलेल्या पाइनच्या तीन इंचांहून जाड ओल्या फांद्या जमिनीवर पडून राहिल्या तर इप्स जातीचे भुंगेरे त्यांत वाढतात आणि तिथून उठून राखलेल्या झाडांवर जातात. त्या फांद्यांचा लगेच भुसा करून घ्यावा, किंवा त्या उन्हात पसरून कडक वाळवाव्यात.